रस्ता रुंद होणार होता, मग आम्ही फक्की आणली

बऱ्याच जणांनी विचारलं की तुमच्या रस्त्याचं काम नागरिकांना विचारून झालं म्हणे, ते नक्की कसं, कुणाला भेटायचं, पत्र कुणाला द्यायचं. प्रत्येकाला व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतेय. शहराचं नाव लिहीत नाही कारण त्या ऑफिसात अजून कामं पडतात आमची, आणि दुकानदारांची तोंडं रोज बघायची आहेत. पश्चिम महाराष्ट्रातलं महापालिकेचं शहर आहे एवढं पुरे. रस्ता म्हणाल तर बाजारपेठेचा, एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला बसथांबा आणि रिक्षास्टँड, मधे दवाखाने, मेडिकल, साड्यांची दुकानं, भाजीच्या हातगाड्या, आणि वरच्या मजल्यांवर आमच्यासारखे राहणारे.

सुरुवात नोव्हेंबर २०२३ मधे, दिवाळी नुकतीच झालेली. दोन माणसं टेप घेऊन आमच्या गेटसमोर मापं घेत होती. विचारलं तर म्हणाले रस्ता काँक्रीटचा होणार, रुंद होणार. फूटपाथचं काय? तर "ते नंतर बघू मॅडम." हे "नंतर बघू" ऐकून मला थोडं टेन्शन आलं कारण आहे तो फूटपाथच धड नाही, सासूबाई वॉकर घेऊन रस्त्यावरूनच चालतात. आणि त्या वेळी नगरसेवकही नव्हते, २०२२ पासून आमच्याकडे प्रशासक. म्हणजे एरवी लोक ज्याच्या ऑफिसात जाऊन भांडतात तो माणूसच नाही. कायद्यात खरं तर क्षेत्रसभा म्हणून तरतूद आहे, २००९ साली आली, मतदारांना आपल्या भागातली कामं सुचवता यावीत म्हणून. आमच्याकडे ती कधी भरल्याचं कुणाला आठवत नाही.

मग पहिलं काम केलं ते माहिती अधिकाराचा अर्ज. ज्यांनी कधी केला नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात नमुना 'अ' मधे अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. लोक इथेच घोळ घालतात, अर्जात भाषण लिहितात. आमचा अर्ज चार ओळींचा होता, अमुक रस्त्याच्या प्रस्तावित कामाचं पूर्वगणनपत्रक (म्हणजे खर्चाचं एस्टिमेट), नकाशा, क्रॉस सेक्शन (रस्त्याचा आडवा छेद) आणि मंजुरीच्या टिपणीची प्रत द्यावी, बस. "का", "कसं काय", "जबाबदार कोण" असले प्रश्न विचारायचे नाहीत, कागद मागायचे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये. आम्हाला तिसाव्या दिवसाच्या जरा आधी पत्र आलं की एवढी पानं आहेत, पानाला दोन रुपये प्रमाणे पैसे भरा. मोठा नकाशा त्यात नव्हता, तो बघायला मी अभिलेख पाहणी मागितली. पहिला तास फुकट असतो, आणि खरं सांगू का, झेरॉक्सपेक्षा ही पाहणी जास्त उपयोगाची, कारण फाइल समोर उघडी असते आणि शेजारी बसलेले क्लार्क भाऊ स्वतःहूनच सांगतात की अहो हे पान महत्त्वाचं.

नकाशात जे दिसलं ते असं. विकास आराखड्यात रस्ता १८ मीटरचा. त्यात दोन्ही बाजूंना एक-एक मीटर फूटपाथ आणि मधले १६ मीटर गाड्यांना. त्या एक मीटरमधेच झाडं, महावितरणचा डीपी म्हणजे विजेची मोठी पेटी, विजेचे खांब, दुकानांच्या पायऱ्या. माणसाने चालायचं कुठे हे कागदावरही दिसत नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक आहे, आयआरसी १०३, त्याच्या २०१२च्या आवृत्तीत चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं, फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, असं स्पष्ट आहे. हे मला आधी माहीत नव्हतं, आमच्याच बिल्डिंगमधल्या एका सिव्हिलवाल्या दादाने सांगितलं. पत्रात हा नंबर घातला आणि समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलला. "आम्हाला वाटतं" लिहिलेल्या पत्राला पोच मिळते, "आयआरसी १०३ नुसार" लिहिलं की उत्तर मिळतं.

जानेवारी २०२४ मधे सोसायटीच्या हॉलमधे मीटिंग ठेवली. रविवार, सकाळी अकरा. आले कोण, तर निवृत्त काका मंडळी आणि आम्ही चार बायका. काकांचं म्हणणं होतं हातगाड्या हटवा, रिक्षा हटवा, सगळंच हटवा. दुकानदार एकही नाही, रविवार म्हणजे त्यांचा धंद्याचा दिवस, ते कशाला येतील. हातगाडीवाल्या मावशींना तर कुणी बोलावलंच नव्हतं. त्या मीटिंगचा फोटो काढून "नागरिकांशी चर्चा झाली" असं कुठल्याही फाइलला लावता आलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी होतं ते एवढंच असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ठरवलं की लोक येत नाहीत तर आपण त्यांच्या वेळेला जायचं. बाजार सोमवारी बंद असतो, म्हणून दुकानदारांची बैठक सोमवारी, साडीच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर, चहा त्यांचा. भाजीवाल्या मावशींशी दुपारी एक ते तीन, तेव्हा गिऱ्हाईक नसतं, त्यांच्याच गाडीच्या सावलीत उभ्याने. शाळेच्या मुलांच्या आयांशी शाळा सुटायच्या आधी गेटवर, तिथे तशाही सगळ्या अर्धा तास उभ्या असतात. घरकाम करणाऱ्या ताई सकाळी सातला बसमधून उतरतात, त्यांना थांबायला वेळ नसतो, तर आमच्यातली एक जण त्यांच्याबरोबर चालत चालत बोलली. एकाच मीटिंगमधे सगळ्यांना बसवलं असतं तर दुकानदार बोलले असते आणि बाकीचे ऐकत राहिले असते.

याच काळात एक छोटी युक्ती सापडली, नकाशा कागदावर नाही, फ्लेक्सवर छापून घ्यायचा. कागदाची मोठी प्रिंट महाग पडते आणि फाटते, फ्लेक्स चार-पाचशे रुपयांत होतो, गुंडाळून कुठेही नेता येतो, जमिनीवर पसरता येतो, वर मार्करने लिहून पुसता येतं. पण हेही सांगते की नकाशा बघून बहुतेक लोक मान डोलावतात आणि गप्प बसतात. दुकानदार आधी आपलं दुकान शोधतो, सापडलं की "हां हां बरोबर आहे" म्हणतो. अडीच मीटर म्हणजे किती हे डोळ्यासमोर येतच नाही कुणाच्या, माझ्याही येत नव्हतं.

फेब्रुवारीत काही दुकानदारांना घेऊन पुण्याला जाऊन आलो, जंगली महाराज रस्ता बघायला. गाडीचं भाडं वर्गणीतून. पुणे महापालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं आणि पादचारी धोरण केलं आणि जेएम रोडचे फूटपाथ त्याच सुमारास नव्याने केले, रुंद, बसायला जागा, जुनी झाडं मधेच ठेवलेली. आमच्या मेडिकलवाल्या काकांना मात्र वेगळंच कौतुक, हाच तो सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला बिनखड्ड्यांचा रस्ता, हे त्यांनी गाडीत जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सांगितलं. साडीवाल्या शेठना फूटपाथमधे इंटरेस्ट नव्हता, ते सरळ एका दुकानात शिरले आणि मालकाला विचारलं, गाडी दारात लागत नाही तर गिऱ्हाईक येतं का. काय उत्तर मिळालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण परतताना ते बरेच शांत होते. लक्ष्मी रोडचाही विषय निघाला, तिथे २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. एक दिवस करून बघायचं, मग बोलायचं, ही कल्पना आमच्या डोक्यात तिथूनच शिरली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आयुक्तांना, म्हणजे तेव्हा प्रशासकही तेच, सह्यांचं पत्र दिलं. मागणी दोनच: डिझाइन बदलण्याआधी संयुक्त पाहणी करा, आणि दोन दिवस रस्त्यावर ट्रायल घेऊ द्या. हा "संयुक्त पाहणी" शब्द लक्षात ठेवा. नुसती "भेट" मागितली तर साहेब येऊन चहा पिऊन जातात, संयुक्त पाहणी म्हटलं की पथ विभाग, पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत, वाहतूक शाखा आणि महावितरण यांना एकाच दिवशी एकाच जागी यावं लागतं आणि त्याचं इतिवृत्त होतं. पत्र आवक विभागात द्यायचं, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, तो नंबर फोनच्या कव्हरमधे ठेवायचा. गंमत नाही करत, कुठल्याही टेबलवर पहिला प्रश्न तोच येतो.

आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. सगळं ठप्प. जून उजाडेपर्यंत कुणी काही बोलायला तयार नाही, अर्धा स्टाफ निवडणुकीच्या ड्यूटीला. तोपर्यंत पावसाळा, पावसाळ्यात खोदाई बंद. आणि जुलैत समजलं की ज्या जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर साहेबांना आम्ही एवढे दिवस समजावत होतो त्यांची बदली झाली. नवीन मॅडम आल्या, त्यांच्याकडे फाइल होती पण आमचं पत्र फाइलला लागलेलंच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी सरळ झोपले, जेवलेही नाही, सोडून द्यावं असं पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या दिवशी शिक्का असलेली प्रत घेऊन मेडिकलवाले काका माझ्याआधी तिथे पोचले होते. नवीन मॅडम मात्र खमक्या निघाल्या, आयआरसी त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्यांना फक्त वरच्या साहेबांना दाखवायला लोकांचा कागद हवा होता.

ऑगस्टमधे संयुक्त पाहणी झाली, छत्र्या घेऊन. महावितरणवाल्यांनी सांगितलं डीपी हलवायचा तर खर्च महापालिकेने भरावा, महापालिकेने सांगितलं एस्टिमेट द्या मग बघू. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं नव्या फूटपाथच्या लेव्हलला आणावी लागतील हे तिथेच लक्षात आलं, नाहीतर नवीन फूटपाथवर दर वीस पावलांना एक खड्डा नाहीतर उंचवटा. इतिवृत्त यायला वेळ लागला पण आलं, आणि पुढे सगळी भांडणं त्या दोन पानांवरच मिटली.

सप्टेंबरमधे गणपती. आता तुम्ही म्हणाल रस्त्याच्या डिझाइनचा आणि गणपतीचा काय संबंध. आमच्या रस्त्यावर दोन मंडळं आहेत आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मधे खांब ठोकणार, मिरवणूक बंद होणार. कार्यकर्ते तापलेले. त्यांना मांडवातच फ्लेक्स पसरून दाखवला. त्यांच्याकडूनच दोन सूचना आल्या ज्या कुठल्याही आर्किटेक्टला सुचल्या नसत्या. एक, बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायचे आखूड खांब, काढता येणारे करा, खाली कुलूप असलेले. दुसरं, मांडवाच्या वाशांसाठी फूटपाथमधे आधीच पाइपच्या खोबण्या ठेवा, वर झाकण, म्हणजे दर वर्षी पेव्हर ब्लॉक फोडायला नको आणि दंडही नको. मॅडमनी वहीत लिहून घेतलं आणि खरंच डिझाइनमधे घातलं. त्यानंतर मंडळाची पोरं आमच्या बाजूने, आणि मंडळाची पोरं बाजूने असणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको.

पथारीवाल्यांचा विषय सगळ्यात नाजूक. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात, त्यात एक तृतीयांश महिला. हे आमच्या काकांनाही माहीत नव्हतं आणि मावशींनाही. मावशींना एवढंच कळत होतं की कुणी टेप घेऊन आलं की नंतर गाडी येऊन माल उचलते, त्यामुळे पहिले काही आठवडे त्या आमच्याशी बोलल्याच नाहीत. पथविक्रेत्यांसाठीच्या स्वनिधी योजनेच्या दहा हजारांच्या कर्जासाठी ज्यांनी अर्ज केला होता त्यांच्याकडे काही ना काही कागद होता, बाकीच्यांकडे काहीच नाही. मी त्यांना "तुम्हाला काय हवं" विचारलं तेव्हा मला वाटलं छप्पर म्हणतील, ओटा म्हणतील. एक मावशी म्हणाली, "बाई, सकाळी सहाला घर सोडते, रात्री नऊला जाते, मधे जायला जागा नाही. ते बघा आधी." बाकीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. हातगाड्यांसाठी पार्किंगच्या पट्ट्यातच जागा आखून द्यायच्या हे त्यांच्याशीच बोलून ठरलं. टॉयलेटचं मात्र अजूनही झालेलं नाही, जागा ठरते आणि समोरचा दुकानदार हरकत घेतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा थांबा. तोपर्यंत सवय झाली होती.

ट्रायल शेवटी डिसेंबर २०२४ मधे झाली, शनिवार-रविवार. वाहतूक शाखेचं पत्र मिळवणं हाच मोठा कार्यक्रम, कारण पार्किंगमधे बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याखाली पोलिसांची अधिसूचना लागते, आधी प्रायोगिक तत्त्वावर, मग हरकती आणि सूचना मागवून कायम. टिप: हे पत्र पथ विभागातून जाऊ द्या, आपण नागरिक म्हणून नेलं तर ते परत पथ विभागाकडेच पाठवतात.

शुक्रवारी रात्री दुकानं बंद झाल्यावर अकराला आम्ही रस्त्यावर उतरलो. फक्कीच्या गोण्या, दोऱ्या, टेप, मांडववाल्याकडून भाड्याने आणलेले कोन, मंडळाची पोरं, एका आर्किटेक्चर कॉलेजची मुलं आणि जेई मॅडम स्वतः स्वेटर घालून. खो-खोचं मैदान आखतात तसा रस्ता आखला. दोन्ही बाजूंना अडीच मीटर फूटपाथ, मग दोन-दोन मीटरचा पट्टा ज्यात दुचाकी पार्किंग, हातगाड्या, झाडं, खांब, डीपी सगळं, आणि मधे नऊ मीटर गाड्यांना. अडीच दुणे पाच, दोन दुणे चार, नऊ, अठरा. कागदावर वर्षभर जे कुणाला कळलं नाही ते सकाळी दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं.

आणि मग सगळे बोलायला लागले. रिक्षावाले दादा चिडून आले, आमचा स्टँड कुठंय या रेषांमधे? खरंच नव्हता, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तिथेच उभं राहून त्यांनी स्वतः फक्की मारून दाखवलं, बसथांब्याच्या पुढे चार रिक्षा तिरक्या नाही, सरळ लावायच्या. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून ओरडून सांगितलं की थांब्याजवळ पार्किंग असेल तर बस कडेला लागत नाही, लोक रस्त्यात उतरतात. म्हणून तिथे पट्टा काढून फूटपाथच पुढे आणला. जवळच्या बँकेत काम करणारा एक तरुण आहे, त्याला दिसत नाही. तो काठी घेऊन आमच्या आखलेल्या फूटपाथवरून चालला आणि पिवळ्या खुणांच्या टाइल्स जिथे दाखवल्या होत्या ती रेघ सरळ विजेच्या खांबावर जाते हे त्याने काठी आपटून दाखवलं. नकाशात तो खांब होता. आम्ही सगळ्यांनी तो नकाशा महिनोन्‌महिने बघितला होता.

मेडिकलवाल्या काकांचा मुद्दा पार्किंगचा, औषध घ्यायला माणूस दोन मिनिटं थांबतो, तो पार्किंग शोधत बसणार नाही. यावर दिवसभर वाद झाला. शेवटी दवाखाने आणि मेडिकलच्या समोरच्या पट्ट्यात हातगाडी नाही, कायम पार्किंग नाही, फक्त थोडा वेळ थांबायची जागा असं ठरलं. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत. साडीवाले शेठ काही मानले नाहीत, त्यांनी लेखी हरकत दिली आणि तो त्यांचा हक्क आहे. आम्ही त्यांना हरकतीचा मसुदा लिहायला मदतच केली, कारण ती फाइलला लागली तर उत्तरही लेखी द्यावं लागेल. यावर सोसायटीत काही जण माझ्यावर नाराज झाले. होऊ देत.

रविवारी संध्याकाळी एक आजोबा नातवाला घेऊन रेषांच्या आत खुर्ची टाकून बसले होते. ट्रॅफिक जॅम झाला का? शनिवारी दुपारी झाला, चौकात, कारण लोक नवीन रेषा बघायला थांबत होते. रविवारी नाही झाला. दोन दिवसांचा एकूण खर्च, कोन, फक्की, चहा-वडापाव, फ्लेक्स धरून आठ-नऊ हजार, वर्गणी काढली, अर्धी दुकानदारांनी दिली.

जानेवारी ते मार्च २०२५ कागदांचा काळ, लिहिण्यासारखं फार नाही. सुधारित पूर्वगणनपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर. एवढंच सांगते की या काळात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ऑफिसात चक्कर मारा, भांडायला नाही, फाइल कुठल्या टेबलवर आहे बघायला. आर्थिक वर्ष संपायच्या आत वर्क ऑर्डर निघाली नाही तर निधी मागे जाण्याची भीती असते आणि ती भीती त्यांनाही असते, त्यामुळे मार्चमधे कामं पटापट होतात. टेंडरच्या अटींमधे दोष दायित्व कालावधी किती हे बघून ठेवा, आमच्या कामाला तीन वर्षं आहे, तेवढे दिवस फरशी हलली तर ठेकेदारानेच करून द्यायची.

एप्रिलमधे खोदाई सुरू झाली आणि शिव्या खायची वेळ आमची आली. धूळ, दुकानासमोर फळ्या टाकून रस्ता, पाण्याची लाइन फुटली, "तुमच्यामुळेच हे सगळं" असं मला भाजी घेताना, दळण आणताना, लिफ्टमधे, सगळीकडे ऐकायला मिळालं. त्यातच १४ मेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विनाअडथळा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मी बातमी ग्रुपवर टाकली, खाली साडीवाल्या शेठनी अर्धवट खणलेल्या फूटपाथचा फोटो टाकला. बोलणार काय. त्या वर्षी पाऊसही मे महिन्यातच आला, २६ तारखेला मान्सून मुंबईत, आणि आमचा अर्धा रस्ता उघडा. चार महिने तसाच काढला. तुमच्याकडे काम निघणार असेल तर टप्पे पाडून घ्या, एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी खणायची नाही हे वर्क ऑर्डरमधेच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

दिवाळीनंतर काम परत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मधे बहुतेक संपलं. सासूबाई आता वॉकर घेऊन मेडिकलपर्यंत एकट्या जातात, वाटेत दोनदा बसतात. बाइकवाले फूटपाथवर चढतात का, तर चढतात, बोलार्ड जिथे नाहीत तिथून. झाडांभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा म्हणून सांगूनही दोन झाडांना सिमेंटने आवळलं होतं, ते मॅडमनी उभं राहून फोडून घेतलं. डीपी आहे तिथेच आहे, एस्टिमेट दोन ऑफिसांमधे फिरतंय, पट्ट्यातच येतो म्हणून निभावतंय. शेठच्या दुकानासमोर आता सगळ्यात जास्त लोक बसलेले असतात, त्यांचं म्हणणं बसतात पण आत येत नाहीत.

उद्घाटनाची तयारी चालली होती, तेवढ्यात १५ डिसेंबरला महापालिका निवडणूक जाहीर झाली, तिसरी आचारसंहिता. त्यामुळे रस्त्याला नारळ फुटलाच नाही. जानेवारीत प्रचाराला आलेल्या जवळजवळ प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात आमच्या फूटपाथचा फोटो होता. भाजीवाल्या मावशी प्रत्येकाला एकच विचारत होत्या, टॉयलेट कधी. आता नगरसेवक आलेत, तर पुढचं पत्र त्यांच्या नावाने लिहिलंय, जुन्या इतिवृत्ताची प्रत जोडून. कुणाला नमुना 'अ' चा भरलेला अर्ज किंवा संयुक्त पाहणीच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, नावं खोडून देते.